जिवाला धोका असल्याचा दाखला

आमच्या सोसायटीच्या तेरा संचालकांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या कमरेला रिव्हॉल्वर होतं आणि आमच्या मालकांच्या कमरेला करदोडा. हे दुःख ते कुणाजवळ बोलत नसत. पण मीटिंगहून आले की शर्ट खुंटीला लावता लावता सांगायचे, "आज चेअरमननं बसताना काढून टेबलावर ठिवलं. च्या येईपर्यंत सगळे त्याच्याकडंच बघत होते." त्या मीटिंगमध्ये बघण्यासारखं दुसरं काही नसायचं, हेही खरं.

सोसायटी म्हणजे गावची सेवा सहकारी. खत, बियाणं, पीककर्ज हे तिचं काम. त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा दडी मारून बसला होता. विहिरींत बादली टाकली की दगडाचा आवाज यायचा, टँकर दोन दिवसांआड यायचा, निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांच्या फडांवर गेलेलं. पेरायचंच नाही तर खत कुणाला आणि बियाणं कशाला? सोसायटीत वाटण्यासारखा एक रुबाब तेवढा उरला होता, तो संचालकांनी आपापसांत वाटून घेतला.

मी त्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. सारा गाव मला बाई म्हणतो आणि चारचौघांत मालकही बाईच म्हणायचे.

या बंदुकांनी आजवर काय काय केलं, त्याचा हिशेब माझ्याजवळ तोंडपाठ होता. एका संचालकाची गंजून गेली होती, ती तो दसऱ्याला पुजायचा. दुसऱ्यानं जीपमध्ये बसताना स्वतःच्याच टायरला गोळी घातली आणि वर्षभर हल्ल्याची गोष्ट सांगितली. खरी मजा निवडणुकीत. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आता आमच्याकडं माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात ती निवडणुकीतच. एरवी भांडायला सवड कुणाला असते? म्हणजे ज्या महिन्यात धोका त्या महिन्यात बंदूक ठाण्यात, आणि धोका टळला की ज्याच्या त्याच्या कमरेला, लग्नाच्या पंगतीत. पण जमा करण्यातही मान असायचा. ठाण्यासमोर गाड्या लागत, फोटो निघत, ते मोबाइलवर फिरत. एकदा आमचे मालक चेअरमनबरोबर नुसतेच, रिकाम्या हातानं गेले होते. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत.

शेवटी त्यांनी फॉर्म आणला. तो मीच भरला. आमच्या घरात अक्षर माझं आणि सही त्यांची, अशी वाटणी लग्नापासूनच आहे. नाव, गाव, वय इथपर्यंत गाडी बरी चालली. मग आला रकाना, शस्त्र कशासाठी पाहिजे.

"लिव्ह, रानडुकरं," मालक म्हणाले. "पिकाच्या रक्षनासाठी."

"कंच्या पिकाच्या?"

शिवारात हिरवं म्हणाल तर सोसायटीचा बोर्ड तेवढा होता. डुकरंही केव्हाच पाण्याच्या मागं गोदाकाठाला गेली होती. माणसांच्या आधी डुकरं ऊसतोडीला गेली, असं गावात म्हणायचे. तेव्हा दुसरं उत्तर राहिलं, जिवाला धोका. त्याला मात्र धोका देणारा माणूस लागतो, आणि तो आमच्याकडं नव्हता. शत्रू मिळवायलाही माणसाची काही लायकी लागते. भावकीशी मालकांचं बरं होतं, कारण भांडावं इतकी जमीनच वाट्याला आली नव्हती. विरोधी पॅनलची माणसं त्यांच्याबरोबर एकाच बशीत चहा पीत. दोन दिवस ते ओसरीवर डोकं धरून बसले.

"माझ्यावर कुनाचा राग हाय का गं?" त्यांनी मला विचारलं.

"माझा हाय की."

"तुझा धरत न्हाईत," ते म्हणाले आणि पुन्हा विचारात पडले.

त्या दिवसांत चेअरमनच्या ओट्यावर बंदुकीशिवाय दुसरा विषय नसायचा. चेअरमनचं म्हणणं, गुंडाकडं बिनपरवान्याचं असतंच, मग सरळ माणसानं काय हात जोडून मरायचं? सरकार सरळ माणसालाच दहा कागद मागतं आणि गुंडाला एकही नाही. यावर सगळे माना हलवत. म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, पण जे मान हलवत त्यांतले किती सरळ, हे मला शाळेच्या पोषण आहारातल्या तांदळावरून माहीत होतं. गावात एक माणूस फौजेत बावीस वर्षं काढून आलेला. खरी गोळी खऱ्या माणसावर चालवलेला गावात तो एकटाच. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "जमा करून आलो तवा खांद्यावरचं वझं उतरल्यावानी झालं. तुमी कावून वझं इकत घेताय?" त्याला पुढच्या खेपेला ओट्यावर कुणी बोलावलं नाही.

आणि मग एक दिवस मालकांना शत्रू मिळाला.

आमच्या शाळेला लागून सोसायटीची चारा छावणी पडली होती. मालक तिथं संचालक म्हणून खुर्ची टाकून बसत. छावणीचा नियम होता की मोठी जनावरं घ्यायची. गाय, बैल, म्हैस. शेळीमेंढीला पोट नसतं, असं त्या नियम करणाऱ्याला वाटत असावं. गावाच्या माळावर एका मेंढक्याचं घर होतं, म्हातारी आई, तिशीतला मुलगा, सून आणि शंभर-सव्वाशे मेंढरं. म्हातारीचे गुडघे गेलेले, तरी ती त्या दिवशी थोडी मेंढरं घेऊन छावणीपाशी आली. मुलगा कुठं पाणी आहे ते बघायला लांब गेलेला. ती दावण मागत नव्हती. बैलांनी खाऊन पायदळी तुडवलेला उसाचा चुरा मेंढरांनी चघळावा, हौदात दोन घोट प्यावे, एवढंच तिचं मागणं. मालकांनी नियम सांगितला. तेवढ्यात एका मेंढीनं हौदात तोंड घातलं आणि मालकांनी खुर्चीवरून उठून तिच्या पोटात लाथ घातली.

मी शाळेच्या दारातच उभी होते. म्हातारीनं काठी जमिनीवर आपटली.

"मुडदा बशिवला तुझा! मुक्या जिवाला लाथ मारतोस? मरताना तोंडात पानी पडायचं न्हाई तुझ्या!"

छावणीतली माणसं हसली. हसण्यासारखंच होतं, कारण मुडदा बशिवला हे आमच्याकडं घराघरात चुलीपाशी म्हटलं जातं. दूध सांडलं की पोराचा मुडदा बसतो, गाठ सुटली नाही तर दाव्याचा बसतो. माझ्या सासूबाई होत्या तोवर मालकांना जेवायला बोलवायच्या त्या याच शब्दांनी. पण त्या दिवशी मालक हसले नाहीत. आधी त्यांचा चेहरा उतरला, मग हळूहळू उजळला. घरी आले ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "मिळाला!"

"काय मिळालं?"

"धोका."

तक्रार मी लिहिली. हे सांगताना आजही माझी मान खाली जाते, पण लिहिली मीच. मला तेव्हा तो सगळा खेळ वाटला. मुडदा बशिवला हे सरकारी कागदावर शोभत नाही, म्हणून मी 'जिवे मारण्याची धमकी दिली' असं चांगल्या भाषेत लिहिलं. मग मालकांनी शंका काढली. म्हातारीला धड उभं राहवत नाही, तिच्यापासून संचालकाला धोका म्हटलं तर कलेक्टर कचेरीत हसतील. तेव्हा 'व तिचा मुलगा' एवढं मध्ये घाल. तो तिथं नव्हता, मी म्हणाले. "कागदाला काय ठाऊक?" ते म्हणाले. मी घातलं. वर अक्षराची तारीफही ऐकून घेतली.

आठ दिवसांनी मुलाला ठाण्यात बोलावणं आलं. त्याच्यावर चॅप्टर केस झाली. म्हणजे चांगल्या वर्तणुकीची हमी द्यायची, रोज ठाण्यात हजेरी लावायची आणि चौकशी होईपर्यंत गाव सोडायचं नाही. संचालकाला हे ऐकायला सोपं. मेंढक्याला गाव सोडू नको म्हणणं म्हणजे त्या सालात मेंढरांना जेवू नको म्हणणं. त्यांचं बिऱ्हाड त्याच आठवड्यात गोदाकाठाला निघायचं होतं. आता मुलगा सकाळी चालत ठाण्यात जायचा, दिवसभर बाकड्यावर बसायचा, दिवस कलला की परत यायचा. मेंढरं वाघुरात, जाळीच्या कुंपणात कोंडलेली. त्यांचं ओरडणं मला वर्गात ऐकू यायचं. मी पोरांना पाढे मोठ्यानं म्हणायला लावायची.

एक दिवस मधल्या सुट्टीत म्हातारी शाळेत आली. व्हरांड्याच्या पायरीवर टेकली. मी पाणी दिलं, ते तिनं अर्धं प्यायलं आणि उरलेलं तांब्यात तसंच ठेवलं.

"बाई, कागद तुमी लिव्हला म्हनत्यात."

मी तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"लिव्हला आसंल. दुसऱ्या कुनाचं अक्षर हाय गावात?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "चार कोकरं गेली. आया आटल्यात, दूध न्हाई. परवाच्या बाजारात नांदूरघाटला समदी काढायची म्हनतो ल्योक. खाटकाशिवाय ह्या दिसांत मेंढरं कोन घेतंय? माजं काय, मी मेले तरी चालतंय. पर ल्योकानं काय केलंय? त्यो तर तितं नव्हताच."

"मावशी, मी बोलते मालकांशी."

"बोला," ती म्हणाली. "मी बी बोललेच हुते. बोलून हे झालं."

मी त्याच दिवशी मालकांशी बोलले. त्यांनी हातानं माशी वारल्यासारखं केलं. म्हणाले, कागद पुढं सरकू दे, परवाना हातात पडला की तक्रार मागं घेतो, त्यात काय एवढं? मी म्हणाले, तोवर मेंढरं खाटकाकडं जातील. तर म्हणाले, मेंढरं शेवटी खाटकाकडंच जातात. हा माणूस मनानं दुष्ट नव्हता. बैल आजारी पडला तर रात्रभर त्याच्या उशाशी बसणारा. पण कमरेला बंदूक लागणार या नुसत्या कल्पनेनं तो असा बोलायला लागला होता. अजून बंदूक घरात आली नव्हती.

बाजाराच्या आदल्या दिवशी जमादार घरी आला. परवान्याची चौकशी होती. मालकांनी इस्त्रीचा सदरा घातला, मला चहात साखर जास्त टाकायला सांगितली. जमादार ओसरीवर मांडी घालून बसला, कागद पसरले, मालकांचा जबाब उतरवून घेतला. मग मला हाक मारली.

"घरच्यांचा बी जबाब घ्यावा लागतोय, बाई. रीत हाय. सायबांच्या जिवाला धोका हाय, हे तुमाला म्हाईत हाय का?"

"हाय," मी म्हणाले.

मालकांनी समाधानानं मिशीवरून हात फिरवला.

"कुनापासून?"

"माझ्यापासून. लिव्हा."

पेन थांबलं. "काय म्हनता बाई?"

"त्या मावशीनं दिली तीच धमकी मी ह्यांना रोज देते. काल दोनदा दिली. एकदा टँकर चुकवला म्हनून आन् एकदा भरलेला हंडा लवंडला म्हनून. तिनं तर आयुष्यात एकदाच दिली. तवा चॅप्टर आधी माझ्यावर लावा. रोज हजेरीला येते, शाळेला तेवढं कळवा."

जमादारानं बशी खाली ठेवली. "म्हातारी नेमकं म्हनली तरी काय हुती?"

मी शब्दाला शब्द सांगितलं. तो आधी नुसता बघत राहिला, मग त्याचं पोट हलायला लागलं. "आरं देवा! माझा फोन लागला न्हाई तर माझी आई हेच म्हनते की." हसून झाल्यावर त्यानं तक्रारीचा कागद पुढं ओढला. "मग हे जिवे मारन्याचं कुनी लिव्हलं?"

"मी."

"आन् पोरगा?"

"पोरगा तितं नव्हताच. ते बी मीच लिव्हलं. ह्यांनी सांगितलं, मी लिव्हलं."

जमादारानं मालकांकडं पाहिलं. मालक सदऱ्याची गुंडी बघत होते. "संचालक सायेब," तो म्हणाला, "खोट्या तक्रारीचं उलटं तक्रार देनाऱ्यावर येत असतंय, ठावं हाय न्हवं? मी काय लिव्हू?" मालक म्हणाले, काय लिहायचं ते लिहा. त्यानं माझा जबाब लिहिला, सही घेतली, तिथूनच ठाण्यात फोन लावून बाकड्यावरच्या माणसाला घरी सोडायला आणि त्याची हजेरी बंद करायला सांगितलं. चहा मात्र त्यानं संपवला.

तो गेला. मी कपबशा उचलत होते. भर दुपार होती, बाहेर ऊन रणरणत होतं. मालक भिंतीला टेकून बसले होते. माझ्याकडं न बघता, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "आज घरात बंदूक असती ना..."

मी कपबशा घेऊन आत गेले, मोरीत ठेवल्या. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. पण त्या दुपारी मला त्यांची भीती वाटली, आणि ती मी आजही लपवत नाही. ओट्यावर इतके दिवस बंदुकीचा एवढा काथ्याकूट झाला. गुंड आले, दरोडेखोर आले, डुकरं आली. घराचा विषय कुणी काढलाच नाही. गुंड आमच्या गावात वर्षात एकदाही येत नाही. बंदूक मात्र घरात आली की चोवीस तास घरातच असते, आणि राग येतो तेव्हा समोर रोज कोण असतं? भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून गुंडावर कुणी चिडत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना माळावरून मेंढरं गोदाकाठाच्या वाटेला लागलेली दिसली. म्हातारी तट्टावर बसली होती. तिनं मला पाहिलं. मी हात जोडले, तोवर तट्टू पुढं गेलं होतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एसटीनं बीडला कलेक्टर कचेरीत गेले. बाहेर झाडाखाली बसून अर्ज लिहिला. या वेळी चांगली भाषा वापरली नाही. माझ्या नवऱ्यानं बंदुकीचा परवाना मागितला आहे, तो देऊ नये, घरात बंदूक आली तर मला धोका आहे, एवढंच लिहिलं. खाली माझं नाव, अर्जदाराशी नातं पत्नी. टेबलावरच्या कारकुनानं अर्ज वाचला, पुन्हा वाचला, मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"ताई, मारतात का ते तुम्हाला?"

"न्हाई."

"मग?"

"तेवढ्यासाठीच आत्ता आलेय."

त्यानं आणखी काही न विचारता शिक्का मारला आणि पोच दिली.

दोन महिन्यांनी पाकीट आलं. मालकांनी ते ओसरीवर उभ्यानंच फोडलं. पोलीस अहवाल प्रतिकूल, कुटुंबातून लेखी हरकत, सबब अर्ज नामंजूर. त्यांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. गावात त्यांनी सांगितलं की विरोधकांनी वरून दाबलं, आणि गावानं ते मानलं, उलट त्यांना विरोधक आहेत म्हणून थोडा मानही वाढला. घरात मात्र ते चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते तिथं येऊन समोर बसले. सुपातला एक खडा त्यांनीच काढून टाकला.

"तुला माझं भ्या वाटतंय व्हय गं?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यांना ते अपेक्षित नव्हतं. ते खरोखरच कळवळले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, तसं मनात न्हवतं. रागात निघून गेलं तोंडातून."

"मावशीच्या बी रागातच निघालं हुतं," मी म्हणाले. "आन् तिनं बंदूक मागितली नव्हती."